छोट्या बोर्डावर स्वतः बांधलेलं लिनक्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत पंप-रूमच्या भिंतीवर एक छोटा डबा टांगलेला आहे. खालच्या आणि गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे ते तो दाखवतो. आत बीगलबोन ब्लॅक नावाचा छोटा कॉम्प्युटर-बोर्ड आहे आणि त्यावरचं लिनक्स मी घरी सोर्स कोडपासून बांधलंय. डबा बघून आधी शेजारच्या विंगमधला इंजिनिअरिंगचा मुलगा आला, मग त्याचे मित्र, मग मित्रांचे मित्र. प्रश्न सगळ्यांचे थोड्याफार फरकानं तेच, म्हणून ते एका जागी लिहून ठेवतोय. उदाहरणं बीगलबोनची आहेत, कारण माझ्या हाताखालून तोच बोर्ड सर्वात जास्त गेला. तुमच्याकडे दुसरा असेल तर नावं बदलतील, क्रम बहुतेक हाच राहील. कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्यात. टर्मिनलवर त्या नेहमीसारख्या इंग्रजी अक्षरांतच टाइप करा.

डेबियन, म्हणजे लिनक्सची तयार आवृत्ती, मिळतं की. मग स्वतः बांधायचं कशाला?

खरं सांगायचं तर बऱ्याच वेळा नाहीच बांधायचं. एलईडी लुकलुकवायचा असेल, पायथन शिकायचं असेल, तर कार्डवर डेबियन मारा आणि कामाला लागा.

पण एखादी वस्तू भिंतीवर टांगून तिला विसरून जायचं असेल, तर गोष्ट वेगळी. डेबियनच्या कार्डवर शेकडो पॅकेजं असतात, मागे दहा सेवा चालू असतात, लॉग सतत कार्डवर लिहिले जातात. यातलं आपल्याला नेमकं काय लागतं हे कुणीच सांगू शकत नाही. माझ्या डब्यात कर्नल (लिनक्सचा गाभा), बिझीबॉक्स (नेहमीच्या छोट्या कमांडांचा एकच प्रोग्रॅम) आणि माझा एक सी प्रोग्रॅम आहे. मूळ फाइल सिस्टिम (रूट, जिथं सगळ्या फाइली असतात) दहा एमबीच्या आत बसते. काही बिघडलं तर संशयित तीनच.

अर्डुइनो किंवा ईएसपी३२ आहे माझ्याकडे. त्यावर चालेल?

नाही. अर्डुइनो उनोत रॅम २ किलोबाइट. ईएसपी३२ मध्ये ५२० किलोबाइट. सीडॅकच्या एरीज बोर्डाबद्दलही मुलं विचारतात. चिपची रचना आपल्या देशात झालेली आहे, अभिमान वाटतो, पण तिच्यातल्या तेजस३२ ला २५६ किलोबाइट रॅम आहे. हे सगळे मायक्रोकंट्रोलर. लिनक्सला काही मेगाबाइट रॅम आणि साधारणपणे एमएमयू (प्रत्येक प्रोग्रॅमची मेमरी वेगळी राखणारा चिपमधला भाग) लागतं. बीगलबोन ब्लॅक २०१३ चा, म्हणजे आता म्हाताराच, तरी त्यात १ गिगाहर्ट्‌झचा कॉर्टेक्स-ए८, ५१२ एमबी रॅम आणि नव्या आवृत्तीत ४ जीबी ईएमएमसी, म्हणजे बोर्डावरच पक्की बसवलेली साठवण, आहे. शिकायला भरपूर झालं.

रास्पबेरी पाय का नको?

नको असं नाही. पण पायमध्ये सुरुवातीचं बूट ग्राफिक्सच्या प्रोसेसरवर चालतं आणि त्याचा कोड बंद आहे. चालतं छान, पण आत काय झालं ते दिसत नाही. बीगलबोनमध्ये चिपमधला रॉम सोडला तर बूटची प्रत्येक पायरी तुम्ही कंपाइल केलेली असते. ज्याला बूट कसं होतं तेच शिकायचंय, त्यानं बीगलबोन घ्यावा असं मी सांगतो.

लॅमिंग्टन रोडला काय काय घ्यायचं?

ग्रँट रोडला पूर्वेला उतरा. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग दिसेल, पण विचारताना सगळे लॅमिंग्टन रोडच म्हणतात. रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर खाली असतात. बोर्डाशिवाय चार वस्तू लागतात. यूएसबी-टू-टीटीएल सीरियल केबल, ३.३ व्होल्टची. ५ व्होल्टचा निदान १ अँपिअरचा बरा अडॅप्टर, ५.५ बाय २.१ मिलिमीटर पिनचा. ८ किंवा १६ जीबीचं मायक्रो एसडी कार्ड. आणि एक लॅन केबल.

कार्डाबाबत सावध राहा. मी एकदा ३२ जीबीचं कार्ड स्वस्तात घेतलं. दुकानाचं नाव घेत नाही. पहिल्या ७-८ जीबीपर्यंत सगळं लिहिलं जायचं आणि वाचलंही जायचं, त्याच्यापुढे नुसता कचरा. दोन रात्री मी कर्नलला दोष देत बसलो होतो. तेव्हापासून नवीन कार्ड आणलं की आधी एफ३ नावाच्या प्रोग्रॅमनं पूर्ण भरून तपासतो. तासभर जातो, पण पुढच्या रात्री वाचतात.

सीरियल केबल लागतेच का? बोर्डाला एचडीएमआय आहे की.

लागतेच. या पानावरचं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण केबल घेतल्याशिवाय सुरुवात करू नका.

स्क्रीनवर चित्र येतं ते कर्नल उठल्यावर, त्याला डिस्प्लेचा ड्रायव्हर सापडल्यावर. तुमची अडचण त्याच्या कितीतरी आधीची असते. वीज आल्यापासून पहिल्या सेकंदात बोर्ड जे काही बोलतो ते फक्त सीरियलवर बोलतो. माझ्याकडे 'काहीच होत नाही' म्हणून आणलेल्या दहा बोर्डांपैकी आठ-नऊ स्वतःच सांगत होते काय झालंय ते, ऐकायला कोणी नव्हतं. एका मुलानं तीन आठवड्यांत सात वेळा इमेज बदलून पाहिली होती. केबल जोडली तर पहिल्याच ओळीत लिहिलेलं, डिव्हाइस ट्रीची, म्हणजे बोर्डावर काय काय आहे ते कर्नलला सांगणारी, फाइल सापडली नाही. फाइलच्या नावात एक आडवी रेघ कमी होती.

जोडायची कशी?

बीगलबोनवर जे-१ नावाचं सहा पिनांचं हेडर आहे. ज्या टोकाला पांढरा ठिपका आहे ती पिन १, म्हणजे ग्राउंड. पिन ४ वर बोर्ड ऐकतो, पिन ५ वर बोलतो. म्हणून केबलची टीएक्स ४ ला, आरएक्स ५ ला. एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाशी. सरळ जोडलंत तर काही जळत नाही, फक्त शांतता असते. केबलची लाल तार मोकळी सोडा, बोर्डाला वीज अडॅप्टरनं द्यायची.

केबलवर ५ आणि ३.३ व्होल्टचा जम्पर असेल तर तो ३.३ वर आहे ना हे दोनदा बघा. या चिपच्या पिना ५ व्होल्ट सहन करत नाहीत, आणि अॅनालॉग पिना तर १.८ च्या वर नाहीच. बोर्ड बंद असताना कुठल्याही पिनेवर बाहेरून व्होल्टेज देऊ नका, त्यानंही चिप जाते. वेग ११५२००, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट, फ्लो कंट्रोल बंद. लॅपटॉपवर सीरियल वाचायला पिकोकॉम किंवा मिनिकॉम, कुठलाही प्रोग्रॅम चालेल.

केबल लावली पण लॅपटॉपवर तिचं टीटीवाय-यूएसबी-शून्य हे नाव दिसतच नाही. किंवा क्षणभर दिसून गायब होतं.

क्षणभर दिसून गायब होत असेल, केबलमध्ये सीएच३४० चिप असेल आणि लॅपटॉपवर उबुंटू २२.०४ असेल, तर दोषी बीआरएलटीटीवाय. अंधांसाठीच्या ब्रेल डिस्प्लेचा हा प्रोग्रॅम तुमच्या केबलला ब्रेल यंत्र समजून बळकावतो. तुम्हाला ब्रेल डिस्प्ले लागत नसेल तर ते पॅकेज काढून टाका आणि केबल पुन्हा लावा. दिसतंय पण परवानगी नाही म्हणतंय? स्वतःला डायलआउट गटात घाला, मग लॉगआउट करून परत या.

बिल्डरूट की योक्टो?

दोन्ही स्वतःचं लिनक्स बांधून देणारी साधनं. पहिल्यांदा करताय तर बिल्डरूट. २००१ पासून आहे, मेकफाइल आणि केकॉन्फिगवर चालतं, एका शनिवारी डोक्यात बसतं. दर तीन महिन्यांनी आवृत्ती येते. फेब्रुवारीची आवृत्ती जास्त काळ सांभाळली जाते, ती घ्या.

योक्टो २०१० चं, लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालचं. कंपन्यांत तेच जास्त चालतं, नोकरीच्या मुलाखतीत तेच विचारतात. पण त्याला डिस्कवर शंभर जीबीच्या आसपास मोकळी जागा द्यावी लागते आणि लेयर, रेसिपी, बिटबेक हे सगळं समजेपर्यंत बूटलोडर (कर्नलला उठवणारा प्रोग्रॅम) काय करतो हा मूळ प्रश्न मागेच राहतो. बिल्डरूटवर हात बसला की योक्टो महिन्याभरात येतं. उलट्या वाटेनं गेलेले बरेचजण मधेच कंटाळून डेबियनकडे परत गेलेले मी पाहिलेत.

लॅपटॉप कसला लागतो? वेळ किती जातो?

चार कोअर, ८ जीबी रॅम, २०-२५ जीबी मोकळी जागा, लिनक्स. पहिल्या बिल्डला माझ्या जुन्या लॅपटॉपवर बोरिवलीहून चर्चगेटला स्लो लोकलनं जायला लागतो तेवढा वेळ लागतो, कधी परतीच्या तिकिटाचाही. कारण बिल्डरूट आधी क्रॉस कंपायलरच, म्हणजे लॅपटॉपवर चालून बोर्डासाठीचा कोड तयार करणारा कंपायलर, बांधायला बसतं. बूटलिन कंपनीनं तयार करून ठेवलेला बाहेरचा टूलचेन (कंपायलर आणि त्याची साधनं) मेन्यूतून निवडलात तर हा भाग वाचतो. मे महिन्यात दुपारी बिल्ड लावू नका. पंखा किंचाळतो आणि प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो, रात्री तेच काम लवकर होतं.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर आधी फक्त मेक सोर्स चालवा. सगळे स्रोत डीएल फोल्डरमध्ये उतरतील. नुसत्या कर्नलचीच फाइल सव्वाशे एमबीच्या पुढे असते. हा फोल्डर बिल्डरूटच्या बाहेर ठेवा, मग आवृत्ती बदलली तरी पुन्हा उतरवावं लागत नाही.

बरं, आता पायऱ्या सांगा.

बिल्डरूट उघडा. आत जाऊन मेक बीगलबोन-डेफकॉन्फिग, बोर्डाच्या सगळ्या निवडी त्यात केलेल्या आहेत. मग मेक मेन्यूकॉन्फिग. पहिल्या खेपेला तिथं फक्त दोन गोष्टी बदला, रूटचा पासवर्ड आणि होस्टनेम. बाकी हात लावू नका. मग नुसतं मेक. संपल्यावर आउटपुटच्या आत इमेजेस फोल्डरमध्ये बघा. एमएलओ आणि यू-बूट (बूटलोडरचे दोन भाग), कर्नलचा झेडइमेज, डीटीबी (डिव्हाइस ट्रीच्या) फाइली, आणि या सगळ्यांना एकत्र बांधलेली एसडीकार्ड इमेज. ती शेवटची कार्डवर जाते.

पहिल्या खेपेलाच क्यूटी, पायथन, ओपनसीव्ही टिकमार्क करणारे असतात. करू नका. आधी तुमच्या होस्टनेमपुढे 'लॉगिन' एवढी ओळ डोळ्यांनी बघा.

मेक म्हणताच तक्रार करतं की पाथमध्ये स्पेस आहे.

विंडोजच्या आत डब्ल्यूएसएल वापरताय. विंडोजचा पाथ आत झिरपतो आणि त्यात 'प्रोग्रॅम फाइल्स' असतं, मध्ये मोकळी जागा. डब्ल्यूएसएलच्या सेटिंगमध्ये विंडोजचा पाथ जोडणं बंद करा. आणि बिल्ड विंडोजच्या ड्राइव्हवर किंवा व्हर्च्युअल बॉक्सच्या शेअर्ड फोल्डरमध्ये करू नका. कर्नलच्या स्रोतात नेटफिल्टरच्या काही फाइली अशा आहेत की त्यांच्या नावांत फरक फक्त लहान-मोठ्या अक्षरांचा. विंडोजला त्या दोन फाइली एकच वाटतात.

मधेच 'किल्ड' येऊन थांबलं.

रॅम संपली. समांतर कामांची संख्या कमी करा, स्वॅप वाढवा, ब्राउझरचे चाळीस टॅब बंद करा.

मेन्यूत बदल केला पण बोर्डवर दिसत नाही.

बिल्डरूट हुशारी करत नाही, आणि ते बरंच आहे. नवीन पॅकेज घेतलं तर मेक पुरतं. पण काढून टाकलेलं पॅकेज आधीच्या आउटपुटमध्ये पडून राहतं. टूलचेन बदललात, सी लायब्ररी बदललीत तर मेक क्लीन करून पहिल्यापासून. स्वतःच्या फाइली आउटपुटच्या टार्गेट फोल्डरमध्ये हातानं टाकू नका, पुढच्या क्लीनला जातात. त्यासाठी ओव्हरले फोल्डर ठेवा, त्याचा पत्ता मेन्यूत द्या.

इमेज कार्डवर कशी मारायची?

एचरसारखं माउसनं चालणारं साधन वापरा, सुरक्षित आहे. डीडी ही कमांड वापरणार असाल तर आधी कार्ड न लावता एलएसबीएलके (डिस्कांची यादी देणारी कमांड) चालवा, मग लावून चालवा. जे नवीन दिसेल ते कार्ड. मी एकदा घाईत हे केलं नाही. एसडीबी म्हणजे कार्डच असणार असं धरून चाललो, तर त्या दिवशी एसडीबी ही चुलतभावाच्या लग्नाचे फोटो असलेली बाहेरची हार्ड डिस्क होती. थोडे फोटो परत मिळाले. वहिनी अजून विषय काढते.

सीरियलवर नुसतं 'सी सी सी सी' येतंय!

अभिनंदन, केबल बरोबर जोडलीय.

इथं बूटचा क्रम समजून घ्यावाच लागतो. हा खो-खोसारखा प्रकार आहे. वीज आली की चिपमध्ये कायमचा कोरलेला रॉम कोड उठतो. त्याला मोठी रॅम माहीत नसते, तो चिपच्या पोटातल्या किलोबाइटमध्ये मोजण्याएवढ्या मेमरीत काम करतो. त्यात मावेल एवढाच पहिला तुकडा तो शोधतो, तो म्हणजे एमएलओ. एमएलओ उठून ५१२ एमबी रॅम चालू करतो आणि पूर्ण यू-बूट आणतो. यू-बूट कर्नल आणि डीटीबी रॅममध्ये ठेवून कर्नलला खो देतं. कर्नल मूळ फाइल सिस्टिम लावतो आणि इनिट या पहिल्या प्रोग्रॅमला उठवतो. कुणी कुणाला खो दिला ते सीरियलवर वाचता येतं, आणि जिथं ओळी थांबल्या त्याच्या पुढच्या गड्याला शोधायचं.

'सी' म्हणजे पहिलाच गडी उभा आहे. रॉमला कार्ड आणि ईएमएमसी दोन्हीकडे एमएलओ मिळाला नाही, म्हणून तो सीरियलवरून एक्समोडेमनं फाइल मागतोय. कारणं ठरलेली: कार्ड नीट बसलेलं नाही, इमेज अर्धवट लिहिली गेली, किंवा तुम्ही हातानं पार्टिशन केलं आणि पहिल्या फॅट पार्टिशनला बूटेबल खूण करायची राहिली.

कार्ड माझं, पण उठतंय ते जुनंच काहीतरी.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. बीगलबोन कारखान्यातून येतो तेव्हा ईएमएमसीवर डेबियन असतं. काहीच दाबलं नाही तर रॉम आधी ईएमएमसीकडे जातो. म्हणजे कार्ड लावलेलं असलं तरी उठतं ईएमएमसीवरचं जुनं यू-बूट, आणि मग ते कार्डवरचा तुमचा कर्नल त्याच्या जुन्या समजुतीनं चालवू बघतं. यू-बूटची पहिली ओळ वाचा, तिच्यात कंपाइल केल्याची तारीख असते. ती आजची नसेल तर ते तुमचं यू-बूट नाही.

उपाय: एसडी कार्डाच्या खाचेजवळचं एस-२ बटण दाबून ठेवा आणि तसंच दाबलेलं असताना वीज द्या. रीसेट दाबून चालत नाही. हे बटण फक्त वीज येतानाच वाचलं जातं. प्लग काढायचा, बटण धरायचं, प्लग लावायचा. दोन हात कमी पडतात, घरातल्या कुणालातरी हाक मारा.

'स्टार्टिंग कर्नल' आलं आणि पुढे सामसूम.

बहुतेक वेळा कर्नल चालू आहे, फक्त दुसऱ्याच दारात बोलतोय. बूट आर्ग्युमेंटमधला कन्सोल बघा. जुन्या लेखांत टीटीवाय-ओ-शून्य लिहिलेलं सापडेल, ते 'ओ' अक्षर आहे. आताच्या कर्नलमध्ये टीटीवाय-एस-शून्य. ते बरोबर असेल तर डीटीबी चुकीची असावी, ब्लॅकऐवजी पांढऱ्या किंवा हिरव्या बीगलबोनची. आणखी एक मेख आहे. कर्नल ६.५ पासून ३२ बिट आर्मच्या डिव्हाइस ट्री फाइली कंपनीवार उपफोल्डरांत गेल्या. बिल्डरूटच्या मेन्यूत जुनं नाव तसंच ठेवलंत तर फाइल सापडत नाही, नावाआधी टीआय, मग ओमॅप असा मार्ग लिहावा लागतो. इतकं करूनही शांतता असेल तर अर्लीकॉन (कर्नलला अगदी सुरुवातीपासून सीरियलवर बोलायला लावणारा पर्याय) चालू करून बघा.

कर्नल पॅनिक, मूळ फाइल सिस्टिम लावता येत नाही म्हणतो.

त्याच ओळीच्या थोडं वर कर्नलनं त्याला दिसलेल्या डिस्कांची यादी दिलेली असते. तीत तुमचं कार्ड आहे का? नसेल तर बूट आर्ग्युमेंटमध्ये रूटवेट (कार्ड येईपर्यंत थांब) लिहायचं राहिलं, कार्ड जागं व्हायच्या आतच कर्नलनं हात वर केले. आहे पण एमएमसीबीएलके शून्यऐवजी एक नावानं आहे? मग नंबरावर विसंबू नका, पार्टयूयूआयडी (पार्टिशनची स्वतःची ओळख) द्या.

कार्डावर चालतंय. आता ईएमएमसीवर कसं घालू?

कार्डावरून बूट करा, लॅन लावा, आणि लॅपटॉपवरून तीच इमेज एसएसएचच्या पाइपमधून बोर्डावरच्या डीडीला द्या, लक्ष्य ईएमएमसी. मग सिंक, पॉवरऑफ, कार्ड बाहेर, प्लग. कार्ड बाहेर काढायचंच. दोन्हीकडे एकच इमेज म्हणजे दोन्हींचा पार्टयूयूआयडी एकच, आणि कर्नलला जो आधी दिसेल तो घेतो. मग तुम्ही ईएमएमसीत बदल करत बसता आणि चालतं कार्डावरचं.

एसएसएच आत घेत नाही.

ड्रॉपबेअर (छोटा एसएसएच सर्व्हर) घेतलंय ना मेन्यूत? घेतलं असेल तर रूटला पासवर्ड दिलेला नाही. रिकाम्या पासवर्डनं ते आत घेत नाही, आणि बरोबरच करतं. आणखी एक, डेबियनमध्ये यूएसबी केबलवरून १९२.१६८.७.२ ला जाता यायचं. तुमच्या इमेजमध्ये ती सोय तुम्ही केल्याशिवाय येणार नाही.

प्रत्येक वेळी तारीख १ जानेवारी १९७० येते आणि एचटीटीपीएस चालत नाही.

बोर्डावर घड्याळासाठी बॅटरी नाही. १९७० मध्ये उभं राहून पाहिलं तर आजचं कुठलंही प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नसतं. नेट असेल तर एनटीपी. पंप-रूममध्ये नेट नसतं, तिथं डीएस३२३१ घड्याळाचं छोटं मॉड्यूल आय-टू-सीवर लावा, कर्नलमध्ये ड्रायव्हर आहे.

वीज गेली की कार्ड खराब होतं का?

आमच्या डब्याचा सगळा इतिहास या एका प्रश्नात आहे. पालिकेचं पाणी ठरावीक वेळी येतं, तेव्हा पंप चालू. टाकी भरली की वॉचमन काका पंप-रूमचा मेन स्विचच खाली ओढतात. पंपही बंद, डबाही बंद. दिवसातून दोनदा, वर्षातून सातशेहून जास्त वेळा. 'काका, आधी शटडाउन करा' हे सांगून बघितलं. ते हो म्हणाले आणि स्विच ओढला. चूक त्यांची नाही. स्विच ओढल्यावर बिघडणारी वस्तू मी पंप-रूममध्ये लावली, चूक माझी.

पहिला डबा साडेतीन महिने टिकला. ईएक्सटी४ ला जर्नल असतं, पण ते फाइल सिस्टिमचा हिशेब सांभाळतं. कार्डाच्या आतला कंट्रोलर स्वतःच्या सोयीनं ठोकळे पुसत-हलवत असतो, आणि नेमकी तेव्हा वीज गेली तर ज्या फाइलला कुणी हातही लावला नव्हता तीही जाऊ शकते.

आता मूळ फाइल सिस्टिम स्क्वॅशएफएस आहे, म्हणजे लिहिताच येत नाही. ईएक्सटी४ च ठेवायची असेल तर बिल्डरूटच्या मेन्यूतली 'बूट होताना रूट वाचन-लेखन करा' ही खूण काढा. लॉग टीएमपीएफएसवर, म्हणजे रॅममध्ये, वीज गेली की गेले. खरोखर जपायची गोष्ट एकच, टाक्यांची मापं. ती वेगळ्या छोट्या पार्टिशनवर आहेत आणि वर्षातून एखाद्या वेळी लिहिली जातात. शिवाय चिपमधला वॉचडॉग (बोर्ड अडकला तर तो रीसेट करणारा) चालू आहे. बिझीबॉक्समध्येच त्याचा प्रोग्रॅम मिळतो. बोर्डावरच्या पॉवर चिपला लिथियम बॅटरीही जोडता येते, त्यासाठी पॅड आहेत. पण पावसाळ्यात जिथं भिंतीला ओल येते तिथं लिथियम ठेवायचं माझं धाडस झालं नाही.

पाण्याची पातळी मोजायला अल्ट्रासॉनिक सेन्सर चालेल?

मी आधी तोच लावला होता. दोन अडचणी. एचसी-एसआर०४ ची इको पिन ५ व्होल्ट देते, मध्ये दोन रेझिस्टर घालून ती ३.३ वर आणावी लागते. आणि लिनक्स एका वेळी दहा कामं करतं, त्यामुळे मायक्रोसेकंदाचं माप डळमळतं. बीगलबोनमध्ये याच कामासाठी २०० मेगाहर्ट्‌झचे दोन पीआरयू (वेगळे छोटे प्रोसेसर) आहेत, हौस असेल तर जरूर शिका. मी शेवटी तीन फ्लोट स्विच टाकले. रिकामी, अर्धी, भरली. सोसायटीत याहून जास्त कुणालाच जाणून घ्यायचं नव्हतं. जीपीआयओसाठी, म्हणजे प्रोग्रॅममधून पिना वाचायला, जुना सिसएफएसचा मार्ग सोडा, लिबजीपीआयओडी वापरा.

जोडणीला जम्पर वायर ठेवू नका. आपल्या दमट हवेत दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत पिनांवर हिरवट थर येतो आणि मग टाकी एकाच वेळी रिकामी आणि भरलेली दिसते. सोल्डर करा, वरून लॅकर मारा.

स्क्रीनवर मराठी कशी दाखवायची?

कर्नलच्या साध्या कन्सोलवर देवनागरी येत नाही, तो नाद सोडा. नोटो सान्स किंवा लोहित देवनागरी फॉन्ट टाकला की झालं, असंही नाही. देवनागरीत अक्षरं नुसती एकापुढे एक मांडून भागत नाही. ऱ्हस्व वेलांटी टाइप होते व्यंजनानंतर, दिसते आधी, आणि जोडाक्षराचा आकार वेगळाच. हे काम हार्फबझ नावाची लायब्ररी करते. ती नसलेल्या छोट्या ग्राफिक्स लायब्ररीवर मी 'रिकामी' लिहिलं तर वेलांटी र सोडून क ला जाऊन चिकटली. सेक्रेटरींनी सगळ्या सभासदांसमोर विचारलं, हे कुठल्या भाषेत आहे? क्यूटी हार्फबझ घेऊन येतं, पण त्यासाठी इमेज कितीतरी पट फुगते. मला तीनच शब्द दाखवायचे होते. लॅपटॉपवर नीट लिहून त्यांची तीन चित्रं केली आणि बोर्डावर तीच ठेवली.

अशी वस्तू बनवून विकली तर चालेल?

चालेल, पण लिनक्स कर्नल आणि बिझीबॉक्स दोन्ही जीपीएल दोन या खुल्या परवान्यावर आहेत. गिऱ्हाइकानं मागितला तर त्यांचा स्रोत, तुम्ही केलेल्या बदलांसकट, द्यावा लागतो. तुमचा वेगळा लिहिलेला प्रोग्रॅम तुमचाच राहतो. बिल्डरूटमध्ये मेक लीगल-इन्फो चालवा, परवान्यांची यादी आणि स्रोत एका फोल्डरात जमा होतात. विकायच्या दिवशीच ते काढून ठेवा. दोन वर्षांनी नेमकी तीच आवृत्ती शोधणं जिवावर येतं.

मराठीतून शिकायला काही आहे का?

लिनक्स, सी यांची तोंडओळख मराठी आवाजात हवी असेल तर पवईच्या आयआयटीचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प आहे, फुकट. एम्बेडेडचं मात्र इंग्रजीतच वाचावं लागतं, आणि त्यात बिल्डरूटचं स्वतःचं मॅन्युअल सगळ्यात सरळ.

सगळं करून पाहिलं. बोर्ड जळाला असेल का?

प्लग लावल्यावर पॉवरचा एलईडी लागून लगेच विझतो? आधी अडॅप्टर बदला. दिवा लागतोय, कार्ड काढलंय, एस-२ दाबून वीज दिली आणि सीरियलवर 'सी' येतात? मग चिप जिवंत आहे, बोर्ड फेकू नका. 'सी'सुद्धा येत नसतील तर टीएक्स-आरएक्स उलटे करून पुन्हा बघा. तरीही शांत असेल तर बोर्ड, केबल आणि अडॅप्टर तिन्ही घेऊन शनिवारी संध्याकाळी या. नुसता बोर्ड आणू नका, बहुतेक वेळा दोष अडॅप्टरमध्येच निघतो.